वाडा नको, पळस हवा

फाल्गुनात जुनी अँबॅसॅडर घेऊन धार-देवासकडे फोटो काढायला निघणाऱ्यांना माझं सांगणं आहे, राजवाड्याच्या कमानीपुढे नको, फुललेल्या पळसाजवळ गाडी उभी करा. दोन्ही संस्थानं पवारांची, त्यामुळे मराठी माणसाला वाड्याचा मोह होणारच. पण वाड्यापुढे ही गाडी शाही थाटातली वाटते, आणि तशी ती कधीच नव्हती. 2014 पर्यंत बंगालात उत्तरपाड्याला बनत राहिलेली अँबॅसॅडर कलेक्टरची होती, तशीच टॅक्सीवाल्याची आणि लग्नाच्या वऱ्हाडाचीही. पळसही असाच, कुणी न लावता माळावर, बांधावर उगवणारा. शिवाय प्रकाशाचा मुद्दा आहेच. पळसाला पाने तीनच म्हणतात; ऐन बहरात तर तीही बहुतेक गळालेली असतात. म्हणून आंब्याखाली पडतात तसे कवडसे बॉनेटवर पडत नाहीत, उलट त्या गोलसर पत्र्यात फुलांचा केशरी रंग उतरतो. एवढ्या भडक रंगापुढे गाडी हरवेल, असं कुणी म्हणेल. लाल गाडी हरवेल, पांढरी मुळीच नाही. मग मांडूच्या गोरखचिंचा का नकोत? त्या भव्य खऱ्याच, पण या दिवसांत त्यांना पान नाही की फूल नाही. फक्त सकाळचं तिरपं ऊन साधा, गाडी मुळांवर चढवू नका आणि सजावटीसाठी फांदी तोडू नका. खाली पडलेली फुलं भरपूर असतात.