डॉक्टर चुकले? मग सिद्ध करा!

ऑपरेशन फसलं की आपण लगेच म्हणतो, 'कोर्टात खेचतो!' पण मंडळी, पेशंट बरा झाला नाही म्हणजे डॉक्टरचा निष्काळजीपणा झालाच, असं कोर्ट मानत नाही. त्या विषयातला साधारण कुशल डॉक्टर जेवढी काळजी घेईल तेवढी घेतली का, एवढंच पाहिलं जातं.

हा फंडा क्लिअर करणारी एक केस आपल्याच मातीतली. १९५३ मध्ये कोकणात पालशेतच्या किनाऱ्यावर एका तरुणाच्या मांडीचं हाड मोडलं. त्याला पुण्यात आणलं. तिथे पूर्ण भूल न देताच जोर लावून पाय ओढला गेला आणि त्याच दिवशी पोरगा गेला. डॉक्टर म्हणाले, 'असं काही घडलंच नाही.' पण मुलाचे वडील स्वतः डॉक्टर होते. ते ठामपणे लढले. १९६८ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं : केस घ्यायची का, ट्रीटमेंट कोणती द्यायची आणि ती कशी द्यायची, या तिन्ही बाबतींत काळजी घेणं डॉक्टरचं कर्तव्यच. भरपाई मिळाली ३,००० रुपये!

आपल्या प्रत्येकाच्या घरी डॉक्टर कुठे असतो? मग आपला साक्षीदार म्हणजे कागद. केसपेपर, रिपोर्ट, बिलं, संमतिपत्र, सगळं जपा. रेकॉर्डची कॉपी लेखी मागा. नियमानुसार ती ७२ तासांत मिळायला हवी. दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्या. ग्राहक आयोगात जायचं तर मुदत दोन वर्षांचीच. तेव्हा रिसेप्शनवर आरडाओरडा नको, आधी फाइल मागा!