‘मे आय कम इन’च्या पलीकडे

गेल्या डिसेंबरात राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरासाठी आम्ही एका खेड्यात सात दिवस राहिलो होतो. सकाळी श्रमदान, दुपारी सर्वेक्षण, रात्री करमणूक असा ठरलेला बेत. पहिल्याच दिवशी माझा पाय मुरगळला, त्यामुळे चर खणण्यातून माझी सुटका झाली आणि सरांनी मला तिथल्या प्राथमिक शाळेत तिसरीच्या वर्गावर पाठवून दिले. “तुझा विषय इंग्रजी ना? मग शिकव इंग्रजी,” एवढीच सूचना.

मी वर्गात पाऊल टाकताच एकवीस मुले उभी राहिली आणि एका सुरात म्हणाली, “गुड मॉर्निंग सर!” दुपारचे दोन वाजले होते. मग त्यांनी न विचारताच मला ‘ए’पासून ‘झेड’पर्यंत सफरचंदापासून झेब्र्यापर्यंत सगळे म्हणून दाखवले. पाठांतर चोख होते. थोड्या वेळाने एक मुलगा उठून दारापाशी गेला आणि करंगळी वर करून म्हणाला, “मे आय कम इन सर?” त्याला बाहेर जायचे होते! इंग्रजीत परवानगी मागायची असली की हा मंत्र म्हणायचा, एवढे त्याला ठाऊक होते. त्यातील एकेक शब्दाला काही अर्थ असतो, हे त्याला कोणी सांगितलेच नसावे.

मला हसू आले. पण ते फार वेळ टिकले नाही. कारण मीही असाच शिकलो आहे. आज पदवीच्या शेवटच्या वर्षाला इंग्रजी घेऊन बसलो आहे, शेक्सपिअरवर चार पाने लिहू शकतो. पण व्हरांड्यात इंग्रजीचे प्राध्यापक समोरून येताना दिसले, तर दुसऱ्या जिन्याने उतरतो. वर्गातील निम्मे मित्र हे वाचून मान डोलावतील, याची मला खात्री आहे.

महाराष्ट्रात मराठी शाळांतून पूर्वी पाचवीपासून इंग्रजी सुरू होत असे. २००० सालापासून ते पहिलीत आले. त्या वेळी बराच वाद झाला. पुढे २०२५ साली पहिलीपासून तिसऱ्या भाषेचा प्रश्न निघाला, तेव्हा तर एवढे वादळ उठले की शासनाला दोन्ही निर्णय मागे घ्यावे लागले. या वादांत कोणती भाषा आणि कोणत्या इयत्तेपासून, यावर रकानेच्या रकाने भरले. ‘कशी शिकवायची’ हा प्रश्न मात्र कोपऱ्यात अंग चोरून उभाच राहिला. माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे. चुकीच्या रीतीने पाच वर्षे शिकवण्याऐवजी दहा वर्षे शिकवले, तर चूकच दुप्पट होणार!

असो. त्या तिसरीच्या वर्गात दुसऱ्या दिवशी मी पुस्तक बाजूला ठेवले. खरे तर बालभारतीचे पुस्तक वाईट नाही. त्यात गाणी आहेत, चित्रे आहेत. पण गाण्यांचेही पाठांतर करून घेतले, की गाणे आणि पाढे यांत फरक तो काय राहिला? मी मुलांना एवढेच विचारले, “तुम्हांला इंग्रजी शब्द किती येतात?” उत्तर आले, “येत नाहीत.” मग मी म्हटले, “शेतात पाणी कशाने ओढता?” “मोटारीने.” “ती कधी चालते?” “लाइट आली की.” झाले! फळ्यावर मोटार आणि लाइट लिहिले आणि धरणाचा दरवाजा उघडावा तसे झाले. ट्रॅक्टर, बॅटरी, चार्जर, स्टँड, तिकीट, आऊट, ओव्हर, इंजेक्शन, सलाइन. फळा भरला, मग भिंतीला लावलेले कागद भरले. शंभराच्या वर शब्द निघाले. ज्या मुलांना आपण ‘शून्यापासून’ शिकवायला जातो, ती मुले शून्यावर नसतातच मुळी.

हे मला आपोआप सुचले, असे म्हणण्याचा प्रामाणिकपणा माझ्याजवळ नाही. न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवणाऱ्या सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर या बाईंचे ‘टीचर’ हे १९६३ सालचे पुस्तक मी ग्रंथालयातून आणले होते. त्या प्रत्येक मुलाला विचारत, आज तुला कोणता शब्द हवा? मूल सांगेल तो शब्द कार्डावर लिहून त्याच्या हाती देत. भीतीचा, मायेचा, घरातल्या माणसांचा असा जो शब्द मुलाच्या आतून येई, तो एकदा पाहिला की ते विसरत नसे. आपण मात्र ज्या मुलाने झेब्रा जन्मात पाहिला नाही, त्याच्या गळ्यात झेब्रा बांधतो.

दुसरा प्रयोग हुकुमांचा. अमेरिकेतील जेम्स ॲशर या मानसशास्त्रज्ञाने ही पद्धत मांडली. तान्हे मूल बोलण्याआधी कितीतरी महिने नुसते ऐकते आणि सांगितलेले करते. मग परकी भाषाही आधी अंगाने शिकू द्यावी, बोलण्याची घाई करू नये, हे तिचे सूत्र. मी ‘टच द डोअर’, ‘जंप’, ‘सिट डाऊन’ म्हणत गेलो, मुले करत गेली. तिसऱ्या दिवशी मागच्या रांगेतील, तोवर एक शब्दही न बोललेल्या मुलीने मला हुकूम सोडला, “सर, जंप!” दुखऱ्या पायाने मी उडी मारली. वर्ग हसून लोटपोट झाला. मग प्रत्येकाला सरांना नाचवायचे होते आणि त्यासाठी इंग्रजी बोलणे भाग होते.

एक प्रयोग पार फसला, तोही सांगतो. समारोपासाठी मी एक छोटे इंग्रजी नाटुकले बसवले. वेळ थोडा, म्हणून संवाद पाठ करून घेतले. पालकांनी टाळ्या वाजवल्या, पाहुण्यांनी कौतुक केले. पण सिंह झालेल्या मुलाला मी नंतर त्याच्या वाक्याचा अर्थ विचारला, तेव्हा तो गोंधळून माझ्याकडे पाहत राहिला. चार दिवस मोडत असलेली सवय मी स्वतःच्या हाताने पुन्हा लावली होती. ‘सर्जनशील’ म्हणून जे जे मिरवले जाते, ते सारे तसे असतेच असे नाही.

आमच्या शिक्षक-खोलीत हे बोललो तर एक प्राध्यापक म्हणाले, “हे सगळे परदेशी थेर. व्याकरणाचा पाया हवा.” तर्खडकरांची भाषांतरमाला घोकून चांगले इंग्रजी लिहिणारी पिढी झाली, हे मला मान्य आहे. पण परदेशी थेर म्हणावे, तर आपल्या शेजारी बंगळूर-मद्रासकडे एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात शाळांतून प्रयोग केला. व्याकरणाचे धडे नाहीत. मुलांपुढे नकाशा, आगगाडीचे वेळापत्रक ठेवायचे आणि प्रश्न सोडवू द्यायचा. मन अर्थात गुंतले की भाषा मागून येते, ही त्यामागची धारणा. पुढे मूल्यमापन झाले, तेव्हा वाक्यरचनेच्या चाचणीत नेहमीच्या पद्धतीची मुले सरस ठरली. कामे सोडवण्यात आणि ऐकून समजण्यात एकंदरीत प्रयोगातील मुले. म्हणजे प्राध्यापकमहाशयांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. पण आठ वर्षांच्या मुलाला आधी काय हवे? मला वाटते, ऐकून समजणे.

खरी अडचण निराळीच आहे. त्या शाळेत दोन गुरुजी आणि चार इयत्ता. गुरुजी मला एकांतात म्हणाले, “मलाच बोलताना धाकधूक वाटते, पोरांना काय बोलायला लावू?” माणूस कष्टाळू आणि सज्जन. त्यांना दोष देणे सोपे आहे. केनियात १९८०च्या दशकात पहिली ते तिसरीच्या वर्गांसाठी इंग्रजीचे रेडिओपाठ केले होते. रेडिओ प्रश्न विचारून थांबे आणि मुले मोठ्याने उत्तर देत. शिक्षकही मुलांबरोबर शिके. आज प्रत्येक गुरुजींच्या खिशात मोबाइल आहे. त्यावर माहिती भरून पाठवण्यातून वेळ उरला, तर असे काही होऊ शकेल.

आणि हे लवकर व्हायला हवे. शिबिरात रोज सकाळी चर खणायला जाणारी आमची मुले आणि तालुक्याच्या इंग्रजी शाळेची पिवळी गाडी यांची गाठ एकाच वळणावर पडे. गाडीत त्या गावची तेरा मुले होती. गुरुजी सांगत होते, आधीच्या वर्षी सात होती. पट आणखी घसरला, तर शाळेचे काय होईल, हे त्यांनी बोलून दाखवले नाही.

ते गाव आपल्या महाविद्यालयापासून अकरा किलोमीटरवर आहे. इंग्रजी विभागातील आम्ही सहा जणांनी दर शनिवारी सकाळी तिथे जाण्याची परवानगी प्राचार्यांकडे मागितली आहे. अर्ज मराठीत लिहिला आहे. एस.टी. सव्वासातला सुटते.