घारीला पाणी पाजू नका!

बालदोस्तांनो,

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी अंबरनाथला आमच्या शाळेच्या मैदानात एक घार पडली. पंखाला मांजा गुंडाळलेला. चौथीची मुलं धावत आली, "बाई, तिला तहान लागलीय!" मलाही तसंच वाटलं. मी तिची चोच उघडली आणि चमच्याने पाणी ओतलं. घार गुदमरली आणि माझ्या हातातच गेली.

पुढे कळलं, पक्ष्याच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं. आपण ओतलेलं पाणी सरळ फुफ्फुसात जाऊ शकतं. मांज्यातून ती कदाचित वाचलीही असती. लिहिताना अजून लाज वाटते मला.

मग करायचं काय? खरं म्हणजे फार थोडं. आधी मोठ्या माणसाला हाक मारा. घारीच्या चोचीपेक्षा तिच्या नखांना जपावं लागतं! मोठ्यांनी तिच्या अंगावर जाड टॉवेल टाकायचा. डोळ्यांपुढे अंधार झाला की ती शांत होते. मग भोकं पाडलेल्या खोक्यात अलगद ठेवून झाकण लावायचं. पंखात रुतलेला मांजा ओढायचा नाही, लोंबणारा दोरा तेवढा कात्रीने कापायचा. पाणी नाही, दूध-पोळी तर नाहीच नाही. आणि सारखं झाकण उघडून बघायचं नाही. (हे सगळ्यात कठीण, ठाऊक आहे मला!) वनखात्याला १९२६ या नंबरवर फोन करायचा. परळच्या प्राण्यांच्या दवाखान्यात, म्हणजे जुनी माणसं ज्याला बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात तिथे, संक्रांतीच्या दिवसांत मांज्याने कापलेले पक्षी येतात. नायलॉनच्या मांज्यावर २०१७ पासून देशभर बंदी आहे. तरी तो कुठे मिळतो, हे तुम्हांला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. आणि हो, घार घरी पाळायची म्हणाल, तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे.

पिल्लांचं मात्र थोडं वेगळं. माझी एक जुनी विद्यार्थिनी उल्हासनगरला जुन्या बराकीत राहते. गेल्या हिवाळ्यात तिच्या दारात गव्हाणी घुबडाचं पिल्लू पडलं. अंगावर पांढरी लव, चेहरा बदामाच्या आकाराचा. शेजारच्या आजी म्हणाल्या, "अपशकुनी आहे, वालधुनीपलीकडे सोडून या." मुलीने मला फोन केला.

"रक्त आहे का? पंख लोंबतोय का?"

"नाही बाई. नुसतं फुसफुसतंय."

"मग बाबांना सांग, वर घरट्यात ठेवा."

"पण आपला हात लागला तर आई टाकून देईल ना?"

नाही टाकत! ही नुसती ऐकीव गोष्ट आहे. बाबांनी हातमोजे घातले, शिडी लावली आणि पिल्लू छपराखालच्या घरट्यात ठेवलं. रात्रभर वरून फुसफूस ऐकू येत होती.

तिसऱ्या दिवशी तिला छपराखाली एक काळपट गोळी सापडली. पाण्यात भिजवून टाचणीने सोडवली, तर आत उंदराचे केस, हाडं आणि एक अख्खी कवटी! आता शेजारच्या आजीच रोज सकाळी विचारतात, "आज किती उंदीर?"

— तुमच्या बाई