कट-ऑफ कळतो, कॉलेज कळत नाही

बारावीनंतर कोणत्या महाविद्यालयात जायचे, हे महाराष्ट्रातील लाखो घरांत आता एका ऑनलाइन अर्जावर ठरते. अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र, कृषी, विधी अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांचे प्रवेश राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष, म्हणजे सीईटी सेल करतो. एमएचटी-सीईटीचा निकाल लागतो, गुणवत्ता यादी जाहीर होते आणि पसंतीक्रमाचा अर्ज, म्हणजे ऑप्शन फॉर्म भरायला मोजके दिवस मिळतात. अभियांत्रिकीच्या या अर्जात 300 पर्यंत पर्याय देता येतात. तालुक्याच्या गावात त्या दिवसांत नेट कॅफेपुढे रांग असते. मुलगा किंवा मुलगी खुर्चीत, मागे वडील हातात फोन धरून ओटीपीची वाट पाहत उभे, आणि पडद्यावर मागच्या वर्षीच्या कट-ऑफची पीडीएफ. कॅफेवालाच सांगतो, हे कॉलेज वर घ्या, ते खाली ठेवा. पुढची चार वर्षे आणि घरातले काही लाख रुपये कुठे जाणार, हे अर्ध्या-पाऊण तासात ठरून जाते. त्या वडिलांच्या हाती खरी माहिती म्हणून एवढीच असते, मागच्या वर्षी ती जागा किती पर्सेंटाइलला भरली.

हा आकडाही नीट वाचावा लागतो. कट-ऑफ यादीत एकाच शाखेपुढे जी-ओपन-एच, एल-ओपन-एच, जी-ओपन-ओ अशी अक्षरे असतात. ‘जी’ म्हणजे सर्वसाधारण जागा, ‘एल’ म्हणजे मुलींसाठी राखलेल्या 30 टक्क्यांतली जागा. शेवटचे अक्षर सर्वांत महत्त्वाचे. ‘एच’ म्हणजे त्याच विद्यापीठाच्या क्षेत्रातील विद्यार्थ्याची, ‘ओ’ म्हणजे बाहेरच्या क्षेत्रातील विद्यार्थ्याची आणि ‘एस’ म्हणजे राज्यस्तरीय जागा. लातूरला बारावी झालेल्या मुलीचे गृहविद्यापीठ नांदेडचे. पुण्यातील कॉलेजचा ‘एच’चा आकडा तिच्या कामाचा नाही. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, हेही अनेक पालकांना उशिरा कळते. परीक्षा अनेक सत्रांत होते, प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी असते, म्हणून गुणांऐवजी क्रम मोजला जातो. 2025 मध्ये भौतिक-रसायन-गणित गटाची परीक्षा चार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी दिली. एवढ्या संख्येत अर्धा पर्सेंटाइल म्हणजे दोन हजारांहून अधिक विद्यार्थी. ‘जरासाच फरक आहे, मिळेल’ हा हिशेब इथेच चुकतो.

शिवाय मागच्या वर्षीचा कट-ऑफ मागच्या वर्षीच्या जागांचा असतो. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने 2024-25 पासून शाखेतील जागांवरची कमाल मर्यादा उठवली आणि संगणकाशी जोडलेल्या शाखांच्या तुकड्या मोठ्या शहरांत झपाट्याने वाढल्या. राज्यातील अभियांत्रिकीच्या जागा आता दोन लाखांच्या घरात आहेत. जागा वाढल्या की आकडे खाली येतात आणि जुन्या यादीवर बेतलेला पसंतीक्रम फसतो.

पसंतीक्रमाचे नियमही कडक झाले आहेत. 2025-26 पासून अभियांत्रिकीच्या केंद्रीभूत प्रवेशाच्या, म्हणजे कॅपच्या, चार फेऱ्या होतात. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली तर ती घ्यावीच लागते. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन पसंतींपैकी कोणतीही, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी कोणतीही जागा मिळाली तरी तेच. यालाच ऑटो-फ्रीझ म्हणतात. ती जागा नाकारणाऱ्याला पुढच्या कॅप फेऱ्या बंद होतात. म्हणून पहिले सहा पर्याय हे खरोखर जायचे आहे अशाच कॉलेजांचे असले पाहिजेत, आणि त्यांचा क्रम कट-ऑफच्या उतरंडीने नव्हे, तर स्वतःच्या पसंतीने लागला पाहिजे. अवघड वाटणारे पण हवे असलेले कॉलेज वर ठेवल्याने खालच्या पर्यायाची संधी कमी होत नाही. एवढी साधी गोष्टही अधिकृतपणे, मराठीत, दाखल्यासह कोणी घरोघरी पोहोचवत नाही. ती समुपदेशनाचे पॅकेज विकत घेणाऱ्यालाच कळते.

पण ‘खरोखर कुठे जायचे’ याचे उत्तर विद्यार्थ्याने शोधायचे कशावरून? पहिला प्रश्न असला पाहिजे तो शिकवणार कोण, हा. तंत्रशिक्षण परिषदेचा निकष 20 विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असा आहे. साठ जागांची शाखा घेतली तर चार वर्षांत 240 विद्यार्थी, म्हणजे बारा शिक्षक हवेत. तुकड्या दोन झाल्या की चोवीस. कॉलेजच्या संकेतस्थळावरची शिक्षकांची यादी उघडावी, नावे मोजावीत, पीएचडी किती जणांची आहे ते पाहावे, आणि शक्य असेल तर तिथे शिकणाऱ्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला विचारावे की यांतले किती जण वर्गावर येतात. प्रयोगशाळेत एका यंत्राभोवती किती मुले उभी असतात, ग्रंथालय संध्याकाळी किती वाजता बंद होते, मागच्या सत्रात किती तास रिकामे गेले, हेही तोच सांगू शकतो. कोणत्याही माहितीपुस्तिकेत हे छापलेले नसते. ज्या घरातले पहिलेच मूल कॉलेजात निघाले आहे, त्या घराला विचारायला असा ओळखीचा विद्यार्थीही नसतो.

पारंपरिक महाविद्यालयांत हा प्रश्न जास्त बोचरा आहे. अनुदानित महाविद्यालयांतील प्राध्यापकभरती वर्षानुवर्षे रखडली, पदे रिकामी राहिली आणि वर्ग तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांच्या खांद्यावर गेले. तासाच्या हिशेबाने पैसे मिळणारा, पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही हे माहीत नसलेला शिक्षक मनापासून शिकवतोही. पण विभाग उभा राहतो तो कायम माणसांवर. भूगोलाचा एकच कायम प्राध्यापक असलेल्या कॉलेजात भूगोल घेणारी मुलगी पुढच्या वर्षी पुण्याची वाट धरते, तेव्हा त्यात शहराची ओढ कमी आणि रिकामा वर्ग जास्त असतो.

महाराष्ट्राने याच्या अगदी उलट प्रवास एकदा केला आहे. मुंबई विद्यापीठ 1857 चे, नागपूरचे 1923 चे. मराठवाड्यातला विद्यार्थी उच्च शिक्षणासाठी हैदराबाद गाठत असे. अशा काळात कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1947 मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढले आणि ‘कमवा आणि शिका’ योजनेतून गरिबाच्या मुलाला तिथे राहून शिकता आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, महाविद्यालय सुरू केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. पाठोपाठ 1958 मध्ये मराठवाडा विद्यापीठ, 1962 मध्ये कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ आणि बऱ्याच नंतर, 2011 मध्ये, गडचिरोलीचे गोंडवाना विद्यापीठ. कॉलेज मुलाच्या गावाजवळ नेणे, हीच या सगळ्यामागची भूमिका होती. 1983 मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. कर्नाटकात जाणारी मराठी मुले राज्यात शिकू लागली आणि जिल्ह्याजिल्ह्यांत इमारती उभ्या राहिल्या. आज त्यांतल्या अनेक इमारतींत जागा रिकाम्या राहतात आणि त्याच जिल्ह्यातली मुले पुण्यात दहा बाय दहाच्या खोलीत चौघे मिळून राहतात. जवळचे कॉलेज आहे, पण ते घ्यावेसे वाटत नाही, ही या पिढीची अडचण आहे. तिचा दोष मुलांच्या माथी मारणे अन्यायाचे आहे.

पैशाचा हिशेबही पूर्ण मांडला जात नाही. घरात चर्चा होते ती कॉलेजच्या फीची. ही फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि ती संकेतस्थळावर पाहता येते. जुलै 2024 च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. हा निर्णय मोठा आहे आणि त्याने अनेक मुलींचे शिक्षण वाचवले. पण ही माफी कॅपमधून घेतलेल्या प्रवेशाला आहे. संस्थास्तरावरील 20 टक्के जागांतून, म्हणजे मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला नाही. आणि वसतिगृह, मेस, प्रवास हे तिच्या बाहेरच आहेत. घरापासून दूर जाणाऱ्या मुलीचा वर्षाचा खर्च अनेकदा फीपेक्षा राहण्या-जेवण्याचाच अधिक असतो. फी माफ झाली आणि तरीही मुलीला गावातल्याच कॉलेजात घातले, असे होते ते याच खर्चापायी.

आधार देणाऱ्या योजना आहेत. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार, अनुसूचित जमातींसाठी स्वयंम, इतर पात्र विद्यार्थ्यांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. अभियांत्रिकीत शिक्षण शुल्क माफीच्या पाच टक्के अधिसंख्य जागा असतात, त्यांचा पर्याय ऑप्शन फॉर्ममध्ये वेगळ्या कोडने भरावा लागतो. तो न भरल्याने हक्काची जागा सुटते. या सगळ्यांत एकच त्रुटी आहे आणि ती जीवघेणी आहे. पैसे किंवा वसतिगृहातली खाट मिळणार की नाही, हे प्रवेश झाल्यावर कळते. शासकीय वसतिगृहाचा अर्ज कॉलेजची पावती हाती आल्यावर भरायचा, निर्वाह भत्ता महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून यायला शैक्षणिक वर्ष सरत येते. तोवर घरभाड्याची अनामत, मेसचे आगाऊ पैसे, पुस्तके यांसाठी कर्ज काढलेले असते. ज्याला कर्ज मिळत नाही तो पहिल्याच पानावर जवळचे कॉलेज लिहितो, मग त्याचे पर्सेंटाइल काहीही असो.

कॉलेजे स्वतःबद्दल जे सांगतात, ते तपासून घ्यावे लागते. रस्त्यावरच्या फलकावर असते ते सर्वाधिक पॅकेज. ते एका विद्यार्थ्याचे असते. मधल्या विद्यार्थ्याला किती मिळाले, हा आकडा उपयोगाचा. केंद्राच्या एनआयआरएफ क्रमवारीत, जी 2016 पासून निघते, भाग घेणाऱ्या संस्थेला आपली माहिती स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. त्यात किती विद्यार्थी वेळेत उत्तीर्ण झाले, किती जणांना नोकरी लागली, पगाराचा मध्य किती आणि उच्च शिक्षणाला किती गेले, हे वर्षवार असते. क्रमांक कितवा आला यापेक्षा ही माहिती वाचणे अधिक मोलाचे. राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेची, म्हणजे नॅकची, श्रेणी संपूर्ण संस्थेची असते, राष्ट्रीय प्रत्यायन मंडळाची, म्हणजे एनबीएची, मान्यता एकेका अभ्यासक्रमाची. कॉलेज ‘अ’ श्रेणीचे आहे म्हणून हवी ती शाखा चांगली आहे, असे होत नाही. श्रेणी कोणत्या वर्षाची आहे तेही पाहावे. फेब्रुवारी 2025 मध्ये सीबीआयने नॅकच्या तपासणी समितीतील सदस्यांना लाचेच्या प्रकरणात अटक केली, त्यानंतर फक्त अक्षरावर विसंबून राहणे पालकांना परवडणारे नाही.

कला, वाणिज्य, विज्ञानाच्या विद्यार्थ्याची वाट वेगळी आहे. त्याचा प्रवेश बहुतेक ठिकाणी बारावीच्या गुणांवर आणि कॉलेजच्या यादीवर होतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसारचा श्रेयांक आराखडा 2024-25 पासून संलग्न महाविद्यालयांतही आला. मुख्य विषयाबरोबर दुय्यम विषय निवडता येतो, चार वर्षांची ऑनर्स पदवी घेता येते. कागदावर निवड खूप, पण कॉलेजात जो विषय शिकवणारा आहे तोच ‘निवडला’ जातो. प्रवेशाआधी विचारायचे ते हेच, दुय्यम विषयांत प्रत्यक्षात कोणते वर्ग भरतात आणि चौथे वर्ष याच कॉलेजात होणार का. बीबीए, बीसीए, बीएमएस या पदव्या 2024-25 मध्ये तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत गेल्या आणि त्यांना सीईटी लागली. अनेक महाविद्यालयांनी अभ्यासक्रमाचे नाव बदलून तो सीईटीबाहेर ठेवला. पदवीच्या प्रमाणपत्रावर नेमके काय छापले जाणार आहे, हे प्रवेश घेतानाच लेखी विचारावे. राज्याबाहेरच्या केंद्रीय विद्यापीठांसाठी 2022 पासून सीयूईटी ही सामाईक प्रवेश परीक्षा आहे. तिच्या अर्जाची मुदत बारावीच्या निकालाच्या बरीच आधी संपते, म्हणून ग्रामीण भागातील अनेकांना तो दरवाजा बंद झाल्यावरच दिसतो.

वैद्यकीय प्रवेशात एक सुधारणा होऊन गेली आहे. राज्याच्या 85 टक्के कोट्यात विभागनिहाय 70:30 ची जी विभागणी होती ती 2020 मध्ये रद्द झाली आणि मराठवाडा-विदर्भातील मुलांची जुनी तक्रार मिटली. प्रवेशाचा नियम सरकारने मनावर घेतले तर बदलतो, हे तेव्हा दिसले.

आता बदलायला हवे ते माहितीचे आणि वेळेचे. सीईटी सेलने प्रत्येक कॉलेजच्या प्रत्येक शाखेसाठी एक पान मराठीत प्रसिद्ध करावे. त्यावर मंजूर आणि कार्यरत शिक्षक, मंजूर फी आणि त्याव्यतिरिक्तचे सगळे आकार, वसतिगृहातील खाटा आणि त्यांचा दर, वेळेत उत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण, पगाराचा मध्य आणि एनबीए मान्यतेची मुदत असावी. ही माहिती संस्था वेगवेगळ्या यंत्रणांना आजही देतातच. ती एकत्र करून ऑप्शन फॉर्म उघडण्याच्या महिनाभर आधी लोकांपुढे ठेवायची आहे. खोटी माहिती देणाऱ्या संस्थेच्या पुढच्या वर्षीच्या जागा कमी कराव्यात. अनुदानित महाविद्यालयांतील रिक्त पदांची विषयवार यादी विद्यापीठांनी प्रवेशाआधी जाहीर करावी आणि ती पदे भरण्याचे वेळापत्रक सरकारने बांधून घ्यावे. वसतिगृह आणि निर्वाह भत्त्याची पात्रता मुख्यतः जात, उत्पन्न आणि आधीच्या परीक्षेतील गुण यांवर ठरते. ही माहिती सीईटी आणि कॅपच्या नोंदणीतच सरकारजवळ येते. तेव्हा कोणत्या शहरात राहण्याची सोय किंवा किती भत्ता नक्की मिळेल, हे पत्र विद्यार्थ्याच्या लॉगिनमध्ये पसंतीक्रम भरण्याच्या आधी दिसले पाहिजे, आणि भत्त्याचा पहिला हप्ता कॉलेज सुरू होण्याच्या आठवड्यात खात्यात जमा झाला पाहिजे.