पीएफचा दावा आणि पाच वर्षांची मुदत

तिरोड्याकडच्या एक काकू परवा घरी आल्या. मांडीवर सूप घेऊन तीस वर्षं बिड्या वळल्या त्यांनी. साठी उलटली, पैसे काढायला गेल्या, तेव्हा कळलं की पीएफमध्ये नोंद फक्त सात वर्षांची. बाकीची वर्षं बिड्या काकूंच्या आणि कार्ड भलत्याच बाईचं! "आता दावा लावता येते का गं?" त्यांनी विचारलं. मला चटकन 'हो' म्हणता आलं नाही.

मैत्रिणींनो, आपल्या गोंदिया-भंडाऱ्यात तेंदूपत्ता आणि बिडी काही नवी नाही. १९७७ मध्ये बिडीधंद्याला पीएफ लागू झाला, तेव्हा कारखानदारांचं म्हणणं होतं, घरी बसून वळणाऱ्या बाया आमच्या कामगार कशा? वाद सुप्रीम कोर्टात गेला. १९८५ मध्ये पी. एम. पटेल अँड सन्सच्या खटल्यात कोर्टाने सांगितलं की घरी वळणारीसुद्धा कामगारच. कारण? तिचा माल तपासून नाकारायचा अधिकार मालकाकडे असतो. म्हणजे ज्या छाटीपायी आपली मजुरी कापली जाते, त्या छाटीनेच आपल्याला हक्क मिळवून दिला. आहे की नाही गंमत!

आता नवं काय? केंद्राने २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू केल्या. त्यातली एक सामाजिक सुरक्षा संहिता, २०२०. जुन्या योजना वर्षभरापर्यंत चालू राहतील अशी सोय तिच्यात आहे, त्यामुळे उद्याच सगळं बदलेल असं नाही. पण दाव्यांच्या बाबतीत एक वाक्य फार महत्त्वाचं आहे. पीएफ थकवल्याची चौकशी, वाद उद्भवल्यापासून पाच वर्षांनंतर सुरू करता येणार नाही. जुन्या पीएफ कायद्यात अशी मुदतच नव्हती.

कारखानदारांचीही बाजू आहे. वीस वर्षांपूर्वीची वही कुठून काढायची, असं ते म्हणतात. चौकशी सहसा दोन वर्षांत संपवायची, हेही संहितेत आहे आणि ते चांगलंच आहे. पण मालकाला अपील करायचं तर पूर्वी ठरलेल्या रकमेच्या ७५ टक्के भरावे लागत, ते आता २५ टक्क्यांवर आणलेत. तारखा लांबवणं स्वस्त झालं, असं मला तरी वाटतं.

मुळात बिडीवाल्या बाईला फसवणूक कळते कधी? म्हातारपणीच. मग वाद कधी 'उद्भवला' म्हणायचा, पैसे भरले नाहीत त्या महिन्यात की तिला कळलं त्या दिवशी? यावर वकील भांडतील. आणि हा प्रश्न चार पैशांचा नाही. बिडीधंद्यात कामगाराकडून १० टक्के कापतात, पण पेन्शनसाठी दहा वर्षांची नोंद लागते. काकूंची सात. आणखी तीन वर्षं सिद्ध झाली तर जन्मभर पेन्शन, महिन्याला किमान १००० रुपये का होईना. नाहीतर एकरकमी थोडेसे हातात, की संपलं. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा बिडीवरचा कल्याण उपकरही गेला, तेव्हा दवाखान्याच्या आधाराबद्दलही फार भरवसा धरू नका.

म्हणून ज्यांची बोटं अजून चालताहेत त्यांनी आत्ताच बघावं. खात्याला मोबाईल जोडलेला असेल तर ९९६६०४४४२५ वर मिस्ड कॉल द्या, शिल्लक कळते. आधारवर सासरचं नाव आणि कार्डावर माहेरचं, असं असेल तर आधी ते दुरुस्त करून घ्या. घोळ दिसला की तक्रार लेखीच द्या. आपल्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय उठू नका. तोंडी सांगितलेलं कोर्टात कोण मोजतो?

काकूंनी पेटीतून मजुरीची जुनी वही काढून आणली आहे. मधली काही पानं उंदरांनी खाल्लीत, बाकीच्यांवर मुनीमाची सही स्पष्ट दिसते. शेजारच्या दोघीजणी साक्ष द्यायला तयार आहेत. येत्या सोमवारी अर्ज द्यायचा ठरलाय.