वॅट म्हणजे उजेड नव्हे!

मंडळी, गाडी घ्यायला गेलेला माणूस "पेट्रोल किती पिते?" एवढेच विचारून, जी सगळ्यात जास्त पिते तीच घेऊन घरी आला, तर गाव त्याला काय म्हणेल? पण दिव्यांच्या बाबतीत आमची पंचायत, देवळाची समिती, जत्रेची मंडळी आणि घरोघरचे शहाणे नेमके हेच करत आले आहेत. "कितीचा लावला?" "दोनशे वॅटचा!" "वा!" संपला विषय.

वॅट हे दिवा किती वीज खातो याचे माप आहे, उजेड किती देतो याचे नव्हे. पिवळ्या बल्बच्या जमान्यात हा घोटाळा खपून गेला, कारण सगळे बल्ब एकाच जातीचे होते. साठचा बल्ब म्हटले की केवढा उजेड ते डोळ्यांना पाठ होते. आता ९ वॅटचा एलईडी त्या साठच्या बल्बपेक्षा कमी उजेड देत नाही. ज्या निळ्या एलईडीमुळे हे शक्य झाले, त्याच्या तिघा संशोधकांना २०१४ साली पदार्थविज्ञानाचे नोबेलही मिळाले. पण आमच्या डोक्यातला काटा वॅटवरून हलायला तयार नाही. दिवा कितीतरी पट काटकसरी झाला तरी आम्ही वॅट तेवढेच ठेवले आणि उजेड कितीतरी पट करून बसलो. बचत झाली ती कागदावर.

मी कला शाखेचा पदवीधर, पेशाने कारकून. भौतिकशास्त्र शिकवायचा अधिकार मला नाही. पण ही मापे समजायला शास्त्रज्ञ व्हावे लागत नाही, गोव्याचा पाऊस पाहिलेला असला की पुरे. ढगातून एकूण किती पाणी पडले, ते झाले ल्युमेन. पन्हळीतून एका दिशेला किती जोराची धार पडते, ती कँडेला. आणि तुमच्या अंगणाच्या एका चौरस मीटरवर प्रत्यक्ष किती पडले, ते लक्स. एका चौरस मीटरवर एक ल्युमेन सारखा पसरला की एक लक्स. झाले! कँडेला हे नावच मुळी मेणबत्तीवरून आले. १८६० मध्ये लंडनच्या गॅसबत्त्यांसाठी कायदा झाला, तेव्हा व्हेल माशाच्या डोक्यातील मेणाची, ठरावीक वजनाची आणि ठरावीक वेगाने जळणारी मेणबत्ती हेच प्रमाण धरले होते. म्हणजे दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी इंग्रजाने उजेड तोलून घ्यायची सोय केली. आम्ही अजून "लखलखीत पाहिजे" यावर अडलो आहोत.

दुसरी गोष्ट अंतराची. दिव्यापासून दुप्पट लांब गेलात की उजेड निम्मा होत नाही, चौथाई होतो. तिप्पट लांब गेलात तर नववा हिस्सा. म्हणून खांब किती उंच, दोन खांबांत अंतर किती, दिव्याचे तोंड कुठे, हे ठरवल्याशिवाय वॅटचा आकडा म्हणजे चुलीशिवाय फोडणी. भारतीय मानक संस्थेच्या आयएस १९४४ मध्ये मोठ्या वाहत्या रस्त्याला सरासरी ३० लक्स आणि कमी वर्दळीच्या आतल्या रस्त्याला ४ लक्स सांगितले आहेत. हो, चार! पौर्णिमेचे चांदणे पाव लक्सच्या आसपास असते. म्हणजे चार लक्स हे त्याच्या पंधरा-सोळा पट झाले. वाट दिसायला एवढे पुरते, पण एकाच अटीवर. उजेड रस्त्यावर सारखा पसरला पाहिजे.

इथेच तर सगळे बिनसते. कामाचे कागद टेबलावरून जाताना पाहावेत. (कुठल्या कचेरीतले ते सांगत नाही. कुठलीही धरा, फरक पडत नाही.) खांब इतके, दिवे इतके, वॅट इतके, हमी इतकी वर्षे. रस्त्यावर किती लक्स पडणार? रकानाच नाही. काम झाल्यावर मोजले कोणी? दिवा पेटला, फोटो निघाला, बिल पास. लक्समीटर नावाचे तळहाताएवढे यंत्र काही हजारांत मिळते. उद्घाटनाच्या हारतुऱ्यांचा खर्च त्याहून जास्त होत असेल!

परिणाम काय? खांबाखाली डोळे दिपवणारे पांढरे वर्तुळ आणि दोन वर्तुळांच्या मध्ये काळाकुट्ट खड्डा. डोळा त्या पांढऱ्याला सरावलेला असतो, त्यामुळे मधला अंधार आहे त्याहून गडद वाटतो. त्या अंधारात बसलेली गाय स्कूटरवाल्याला शेवटच्या क्षणी दिसते. त्यात फ्लडलाइट आडवा तोंड करून लावलेला असला तर विचारूच नका. तरुण डोळा एक वेळ निभावून नेईल. पण साठी ओलांडलेल्या, मोतीबिंदू धरू लागलेल्या डोळ्यात तो उजेड विखुरतो आणि समोर धुक्याचा पडदा उभा राहतो. ज्या म्हाताऱ्याच्या सोयीसाठी दिवा लावला, तोच कपाळावर हात आडवा धरून चालतो. याला विकास म्हणायचे?

कोणी म्हणेल, "तुम्हाला काय, अंधार हवा? बायकामुलींनी रात्री यायचे कसे? पावसात वाटेवर जनावर निघते, ते दिसायचे कसे?" प्रश्न रास्त आहे आणि माझाही तोच आहे. समोरून येणाऱ्याचा चेहरा ओळखता येणे हीच खरी सुरक्षितता. डोळे दिपले की चेहरा काळा ठिक्कर दिसतो. प्रखर दिव्यामागे उभा असलेला माणूस तुम्हाला पाहतो, तुम्हाला तो दिसत नाही. म्हणून अंधार नको आणि झगझगाटही नको. खाली तोंड केलेला, वरून झाकलेला, मोजून लावलेला उजेड हवा.

आता रंगाचे. समईची ज्योत साधारण दोन हजार केल्विनची, जुना बल्ब सत्तावीसशेचा, आणि सध्या जिकडेतिकडे लागतो तो निळसर पांढरा दिवा सहा-साडेसहा हजारांचा. आकडा जितका मोठा तितका उजेड निळ्याकडे झुकतो. निळसर उजेडाने रात्री झोपेचे चक्र बिघडते. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१६ मध्ये रस्त्यांसाठी ३००० केल्विन किंवा त्याखालचेच दिवे वापरा, असा सल्ला दिला तो उगाच नव्हे. आणि आमच्या किनाऱ्यावर तर आणखी एक जीव पणाला लागलेला आहे. मोरजी, आगोंद, गालजीबाग इथे कासवे अंडी घालतात. वाळूतून वर आलेले पिल्लू क्षितिजाकडचा उजेड बघून समुद्राकडे धावते. पाठीमागे शॅकचा फ्लडलाइट असला तर ते माघारी फिरते आणि कुत्र्या-कावळ्यांच्या तोंडी जाते. त्या पिल्लाने तक्रार कुठल्या खात्याकडे करायची?

आणि आमची देवळे! मंगेशीची सात मजली दीपमाळ उभारणाऱ्यांना लक्स हा शब्द ठाऊक नव्हता, पण उजेड कसा रचावा ते पक्के ठाऊक होते. सभामंडप मंद, गाभारा त्याहून मंद, आणि समईची ज्योत नेमकी देवाच्या मुखावर. भोवती अंधार आहे म्हणून मुख उजळते. आता गाभाऱ्यात पांढऱ्या ट्यूब आणि संगमरवरी लाद्या. सगळेच सारखे उजळले की नजर कुठेच ठरत नाही. शिवाय स्वस्त एलईडीत लाल रंग नीट उमटत नाही. रंग किती खरे दिसतात याचे शंभरपैकी गुण असतात, पण ते गुण आठ फिक्या रंगांवरून काढतात. गडद लाल त्या आठांत नाहीच. म्हणून ऐंशी गुणांच्या दिव्याखालीसुद्धा कुंकू विटकरी दिसते आणि अबोली सुकल्यासारखी. दिवजांच्या रात्री सुवासिनी हातात पेटती दिवजे घेऊन निघतात आणि वर फ्लडलाइट चालूच! मग ती दिवजे कोणी पाहायची?

जत्रेच्या नाटकाचे तेच. समोरून सपाट पांढरा भडिमार, चेहऱ्यावर सावली म्हणून नाही. नाक नाही, डोळ्यांची खोली नाही, नुसता पापड! अमेरिकेत स्टॅनले मॅककँडलेस याने १९३२ सालीच लिहून ठेवले की नटाला दोन बाजूंनी, तिरक्या कोनातून उजेड द्यावा, एकीकडून उबदार आणि दुसरीकडून थंड. आपल्या तापस सेन यांनी १९५९ मध्ये कोलकात्यात 'अंगार' नाटकात कोळशाच्या खाणीत चढत जाणारे पाणी नुसत्या प्रकाशाने दाखवले. त्यात किमया वॅटची नव्हती, अंधार कुठे राखायचा या अकलेची होती. आमच्या गावांत नाटकाचे वेड पिढ्यानपिढ्यांचे आहे. मग उजेडाच्या बाबतीतच हे दारिद्र्य का?

मागणी मोठी नाही. ज्या कागदात "वॅट" लिहिता, त्याच्याखाली चार ओळी वाढवा. दिवा किती ल्युमेनचा, जमिनीवर किती लक्स, रंग किती केल्विनचा, आणि वरून झाकण आहे की नाही. काम झाल्यावर बिल पास करण्याआधी मीटर घेऊन मोजा आणि आकडा नोंदवा. पंचायतीच्या बैठकीला जाल तेव्हा "दिवा कधी लावणार?" याच्या जोडीला "किती लक्स पडणार?" हेही विचारा. पहिल्यांदा हसतील. दुसऱ्यांदा एकमेकांकडे बघतील. तिसऱ्यांदा मात्र कोणाला तरी उत्तर शोधून आणावे लागेल.