वरचे पैसे

गेल्या एकोणीस वर्षांत मी सात घरं बदलली. यावरून हा माणूस सात घरांचा मालक असावा असा कुणाचा समज व्हायचा. तसं काही नाही. मी बँकेत कारकून आहे. दुसऱ्यांची गृहकर्जं मंजूर झाली की त्यांनी आणलेले पेढे खाणं, एवढाच माझा घरखरेदीशी संबंध. आमचा संसार अकरा महिन्यांच्या करारावर चालतो. करार दोनतीनदा वाढतो आणि मग एके दिवशी घरमालकाचा मुलगा अमेरिकेहून कायमचा परत यायला निघतो. आमच्या सहाही घरमालकांचे मुलगे असे निघाले होते. त्यातला एकही अजून पोचल्याचं ऐकिवात नाही. पण आमचं सामान मात्र डोंबिवली पूर्व, डोंबिवली पश्चिम, कल्याण, पुन्हा डोंबिवली असं फिरत राहिलं.

तेव्हा घर हलवणं या विषयात मला थोडाफार अधिकार आहे असं मी मानतो. आणि त्या अधिकारानं सांगतो, की आपण मध्यमवर्गीय माणसं सामान हलवणाऱ्या माणसांशी जितके वाईट वागतो, तितके सामानाशीसुद्धा वागत नाही. सामानावर निदान ‘काच, सांभाळून’ असं लिहितो तरी.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही कुठं वाईट वागतो? आम्ही कंपनीला रीतसर पैसे मोजतो. बरोबर आहे. मीही मोजले होते. पाचव्या घरातून सहाव्या घरात जाताना बिल होतं ११,५०० रुपये, वर अठरा टक्के जीएसटी २,०७०, एकूण १३,५७०. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्यामुळे हे आकडे मला अजून पाठ आहेत. त्या बिलात पुठ्ठ्याची खोकी होती, बुडबुड्यांचं प्लॅस्टिक होतं, टेम्पो होता, विमा होता. विमा सामानाचा. ते डोक्यावर घेणाऱ्या माणसाचं त्या कागदावर कुठं नावही नव्हतं. तो ‘लोडिंग-अनलोडिंगसह’ या शब्दातल्या ‘सह’मध्ये राहत होता.

त्या दिवशीची गोष्ट सांगतो. मे महिना. चौथा मजला. इमारतीला लिफ्ट होती, आणि लिफ्टच्या दारावर सोसायटीची पाटी होती: ‘सामानासाठी व कामगारांसाठी लिफ्टचा वापर करू नये. हुकुमावरून.’ कुणाच्या हुकुमावरून ते लिहिलेलं नव्हतं. सेक्रेटरी म्हणाले, “लोड येतो हो मशीनवर.” मी मान डोलावली. नव्या सोसायटीत पहिल्याच दिवशी वाद नको, असं आपलं एक थोर तत्त्व असतं. आत लिफ्टमध्ये दुसरी पाटी होती: ‘६ व्यक्ती, ४०८ किलो.’ म्हणजे माणशी ६८ किलो. या हिशेबानं आमचा मिक्सर, तांदळाचा डबा आणि तो धरणारा माणूस मिळून दोन व्यक्तीही होत नव्हते. उलट सेक्रेटरी स्वतः एकटेच दीड व्यक्ती होते, आणि ते दिवसातून आठ वेळा खालीवर करत. पण हे मला सुचलं रात्री. भांडणातले मुद्दे मला नेहमी रात्री सुचतात.

मजल्याला अठरा पायऱ्या, चार मजल्यांच्या बहात्तर. आमचे नग एक्केचाळीस. गुणाकार केला तर २,९५२ पायऱ्या होतात, त्याही नुसत्या चढायच्या, आणि एकेका नगाला एकच माणूस धरून. फ्रिजला दोघं लागले, कपाटाला चौघं. वळणावर कपाट अडकलं तेव्हा मी वरून “सांभाळून, पॉलिश जाईल” असं ओरडलो. मुकादमाची बोटं भिंत आणि कपाट यांच्या मध्ये होती. बोटांचं मी काही बोललो नाही. बोटांना पॉलिश नव्हतं.

संध्याकाळी मी मुकादमाच्या हातात पाचशेची नोट ठेवली आणि “सगळ्यांत वाटून घ्या हं” असं म्हणालो. या ‘हं’मध्ये आपलं सगळं औदार्य असतं. पाच माणसं, पाचशे रुपये. बिलाच्या पावणेचार टक्क्यांनाही कमीच. पण मला छाती फुगल्यासारखं झालं. सौ. म्हणाली, “एवढे दिलेत?”

दहा मिनिटांनी त्यांच्यातला सगळ्यात लहान पोरगा परत वर आला. विशीचा असेल. मला वाटलं, आता हा आणखी मागणार. मी चेहरा आवळून घेतला. काउंटरवर दोन वाजून एक मिनिटाला आलेल्या गिऱ्हाइकासाठी राखून ठेवलेला जो चेहरा असतो, तो. पोरगा दारातच उभा राहिला आणि म्हणाला, “काका, पाणी मिळंल का?”

काका म्हणाला याचा राग नंतर आला. आधी लक्षात आलं ते हे, की सकाळी आठपासून संध्याकाळी साडेपाचपर्यंत आम्ही त्या पाच माणसांना पाणी विचारलंच नव्हतं. पेले खोक्यात गेले होते. खोकं नंबर चौदा, ‘काच, सांभाळून’. आमच्या चौघांसाठी सौ.नं बाटल्या भरून पर्समध्ये ठेवल्या होत्या. आम्ही दिवसभर त्यांच्यासमोर त्या बाटल्या तोंडाला लावत होतो.

मुकादमानं त्याला किती दिले ते मी विचारलं. “पन्नास,” तो म्हणाला. तक्रार म्हणून नाही, मी विचारलं म्हणून सांगितलं.

तेव्हापासून या विषयावर माझं डोकं फिरलेलं आहे, आणि आमच्या शाखेत जेवणाच्या सुट्टीत मी तो विषय काढला की लोक डबा घेऊन दुसऱ्या टेबलाकडे जातात. काय काय ऐकावं लागतं! पहिला मुद्दा म्हणजे, “कंपनीला पैसे दिलेत ना? मग वर कशाला?” हे म्हणणारे आमचे रोखपाल दर रविवारी सहकुटुंब उडप्याकडे जातात. तिथं मसाला डोसा, वजन फार तर पाव किलो, स्वयंपाकघरातून तीस फूट सपाट जमिनीवरून चालत येतो. त्याचं बिल दिलेलं असतं. तरी बडीशेपेच्या बशीत चाळीस रुपये राहतातच. इतकंच काय, हॉटेलं बिलातच सेवा शुल्क लावायला लागली तेव्हा जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला सूचना काढाव्या लागल्या, की असं आपोआप लावायचं नाही, द्यायचं की नाही हे गिऱ्हाइकाच्या मर्जीवर. म्हणजे डोसा आणून देण्याच्या बक्षिसीबद्दल सरकारदरबारी खल झाला. फ्रिज चौथ्या मजल्यावर आणून देण्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. डोशासाठी मर्जी आहे, फ्रिजसाठी तत्त्व आहे.

दुसरा मुद्दा: “सवय लागते त्या लोकांना.” सवयीचं म्हणाल तर बँकेतल्या माणसानं सवयीवर बोलू नये. आमचा महागाई भत्ता दर तीन महिन्यांनी बदलतो आणि आम्हांला त्याची उत्तम सवय लागलेली आहे. आमचा बारावा द्विपक्षीय करार ८ मार्च २०२४ ला झाला, आणि लागू झाला १ नोव्हेंबर २०२२ पासून. मधल्या सोळा महिन्यांची थकबाकी आम्ही खिशात घातली आणि वर ती कमी आहे म्हणून कुरकुरलो. आता कल्पना करा, एखादा मुकादम तुमच्या दाराशी आला आणि म्हणाला, “साहेब, आमचा दर वाढलाय. दीड वर्षापूर्वी उचललेल्या कपाटाची थकबाकी द्या.” तुम्ही पोलीस बोलवाल. मी तर आधी सेक्रेटरींना बोलवीन.

तिसरा मुद्दा सगळ्यात जुना: “दारूत घालवतात.” माझ्या थकबाकीचं मी काय केलं हे मला एकानंही विचारलं नाही. बरं झालं विचारलं नाही. निम्मी शेअरमध्ये घालवली.

एक मुद्दा मात्र खरा आहे, तो मान्य करायला हवा. काही ठिकाणी टेम्पो आला की चार टोळभैरव माथाडीचं नाव सांगत येतात आणि सामानाला हात न लावता हजारोंची मागणी करतात. ती बक्षिसी नव्हे, ती खंडणी. आणि तिथं खरोखरच पोलीस बोलवावेत. पण या मंडळींमुळे घाम गाळणाऱ्याची बक्षिसी कापणं म्हणजे खोटी नोट कुणी एकानं भरली म्हणून दुसऱ्याचं खातं गोठवण्यासारखं आहे. शिवाय माथाडी हे नाव लढून मिळवलेलं आहे. माथ्यावर ओझं वाहणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात १९६९ साली खास कायदा झाला. त्यामागे अण्णासाहेब पाटलांनी उभी केलेली माणसं होती. इकडे पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीनं हमालांना संघटित केलं. शंभर किलोचं पोतं पाठीवर घेणं ही तेव्हा नेहमीची गोष्ट होती. ते पोतं पन्नास किलोवर यायला वर्षानुवर्षं भांडावं लागलं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९६७ सालीच शिफारस केली होती, की पुरुषानं एका वेळी ५५ किलोच्या वर उचलू नये. आमच्या कपाटानं ती शिफारस वाचलेली नाही. बाजारातल्या पोत्यावर निदान वजन छापलेलं असतं. घरातल्या कपाटात सौ.च्या किती साड्या आणि माझ्या किती जुन्या पासबुकांच्या थप्प्या राहून गेल्यात, हे उचलणाऱ्याला उचलल्यावरच कळतं.

आणि कप! चहा देणारी घरं आहेत, नाही असं नाही. पण तो कोणत्या कपातून? माझ्या लहानपणी गिरगावात आमच्या चाळीत प्रत्येक बिऱ्हाडात कान तुटलेला एक कप खिडकीत वेगळा ठेवलेला असे. तो कुणासाठी हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि कुणी बोलत नव्हतं. आता कागदी पेले आले. लोक म्हणतात, स्वच्छतेला बरे. असतील. पण पाहुण्यांना कपबशी आणि फ्रिज आणणाऱ्याला कागदी पेला, ही स्वच्छता नेमकी कशाची, ते मला सांगा. १९२७ साली महाडला चवदार तळ्यावर ज्या प्रश्नासाठी माणसं जमली होती, तो आम्ही खोक्यात भरून, वर चिकटपट्टी मारून, दर घरी बरोबर नेतोय.

तेव्हा माझं म्हणणं साधं आहे. दिवाळीला आपण टपालवाल्याला, गुरख्याला पोस्त देतो ती जशी रीत आहे, तशी ही रीत व्हावी. उपकार म्हणून नाही. माझा दर मी ठरवलाय: माणशी दोनशे, जिना असेल तर तीनशे. तुमचा तुम्ही ठरवा, पण तो सामान भरायच्या आधी ठरवा. संध्याकाळी पाठ दुखायला लागल्यावर (आपली, आपण काही उचललेलं नसतं तरी ती दुखते) माणूस कंजूष होतो. पैसे ज्याच्या त्याच्या हातात द्यायचे, एकाच्या हाती सगळ्यांचे नाहीत. ‘यूपीआय करू का?’ हे विचारू नये. तो क्यूआर बहुधा मुकादमाचा असतो, आणि मुकादमाची भागाकाराची पद्धत मी पाहिलेली आहे. आदल्या दिवशी बँकेतून शंभराच्या नोटा आणाव्यात. आमच्या शाखेत आलात तर मी देईन, फक्त दोनच्या आत या.

सातव्या घरी जाताना मी हे सगळं अमलात आणलं. लिफ्टसाठी आठ दिवस आधी नव्या सोसायटीला अर्ज केला. त्यांनी दोन हजार अनामत घेऊन परवानगी दिली. पावती मागितली तेव्हा माझ्याकडे संशयानं पाहिलं. पेले, स्टीलचा पिंप आणि सहा कपबश्या शेवटच्या खोक्यात घातल्या आणि त्यावर लाल अक्षरात लिहिलं, ‘आधी उघडणे’. सकाळी माणसं आली तशी मी पाणी दिलं. पलंग सुटला, पाणी दिलं. कपाट खाली आलं, चहा दिला, बशीसकट. नव्या घरी पहिला नग आत आला तेव्हा मी पुन्हा पिंप घेऊन जिन्यात उभा होतो. दुपारी वडापाव मागवले. त्यानंतर सौ.ला म्हटलं, आणखी एकदा चहा टाक.

मुकादम घाम पुसत माझ्यापाशी आला. वयानं माझ्याएवढाच, बोलणं साताऱ्याकडचं.

“साहेब,” तो म्हणाला, “रागावणार नसाल तर एक बोलू?”

“बोला की.”

“आम्हांला चारला बदलापूरला दुसरं सामान आहे. तुम्ही जरा तो पिंप घेऊन एका जागी बसता का?”

मी बसलो. ज्यावर बसलो तो नग चौदा नंबरचा होता.